पावसाआधी चार सीटा : जामसंडे-देवगड, एप्रिल ते ऑक्टोबर २०२५

१२ एप्रिल

चार सीटा गाड्यांवरून उतरवून पडवीत मांडल्या.

सीट १ : १०० सीसी गाडीची, काळी, प्लास्टिकचा बेस. गाडी रोज पहाटे जेटीवर जाते, मागच्या अर्ध्या भागावर मासळीचा क्रेट बांधलेला असतो.
सीट २ : स्कूटरची, काळी, कडेने पायपिंग, म्हणजे शिवणीत घातलेली दोरीसारखी गोल किनार. दर पंधरा दिवसांनी धुऊन वर सिलिकॉनची चमक मारून घेतलेली.
सीट ३ : ३५० सीसीची, टॅन रंग, मधे आडव्या शिवणींचे सहा पट्टे.
सीट ४ : टू-स्ट्रोकच्या जमान्यातली, पत्र्याचा बेस, कव्हर नंतर बदललेलं.

बेत असा : ५ जूनच्या आत चारही सीटा साफ करायच्या, शिवणी बंद करायच्या, रेक्झिनवर संरक्षण चढवायचं, आणि पाऊसभर वजन करत राहायचं. बॅगा तोलायचा आकड्याचा डिजिटल काटा पुरतो. सीटच्या पोटात पाणी किती आहे हे डोळ्याला दिसत नाही, काट्याला दिसतं.

आजची वजनं : सीट १ : ३.९२ किलो, सीट २ : २.४१, सीट ३ : ३.४८, सीट ४ : ५.१०.

सीट १ चं वजन बघून काटा दोनदा तपासला. मालकाची तक्रार साधी आहे, "बसल्यार पॅन्ट भिजता." पण एप्रिल चालू आहे, पाऊस जाऊन सहा महिने झाले. गुडघा टेकवून सीट दाबली तर शिवणीतून पाण्याचे थेंब येतात. जिभेला खारट.

धुण्याआधी एक चाचणी सगळ्यांची केली. सीटच्या खालच्या कडेला रेक्झिनची चिमूट धरून दुमडायची आणि घडीवर भिंग धरायचं. घडी गुळगुळीत राहिली तर माल जिवंत आहे. घडीवर केसासारख्या रेषा उमटल्या तर साफसफाईवर वेळ घालवू नये, कव्हर बदलावं. कारण असं : रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात पाइपासारखं कडक. ते मऊ राहतं ते आत मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. ऊन आणि उष्णतेने ते हळूहळू बाहेर निघून जातं. गेलेलं परत घालता येत नाही. 'रेक्झिन पुन्हा मऊ करतं' म्हणून बाटल्या विकल्या जातात, त्या वर तेलकटपणा आणतात, एवढंच. चामड्याचं कंडिशनरही इथे निरुपयोगी, ते शोषून घ्यायला रेक्झिनला छिद्रंच नसतात.

सीट १, २, ३ पास. सीट ४ च्या नाकाशी बारीक रेषा आहेत, बाकी ठीक. घेतली.

१३ एप्रिल

धुलाई. पाणी विहिरीचं. बोअरचं पाणी आधी टीडीएस मीटरने मोजलं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती ते. ११४० पीपीएम, दहा लाख भागांत ११४० भाग. असल्या पाण्याने धुतलं तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात, म्हणजे केलेलं काम पुन्हा. विहिरीचं १७० निघालं. हा पेनाएवढा मीटर पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे मिळतो, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

एका सीटचं प्रमाण : २ लिटर पाण्यात २० मिली कार शाम्पू. दुसऱ्या बादलीत नुसतं पाणी, ब्रश खळबळायला. ब्रश मऊ केसांचा. शिवणीसाठी दाढीचा जुना ब्रश सगळ्यात बरा.

क्रम महत्त्वाचा. आधी कोरडी सीट मऊ ब्रशने झाडायची. मग पाणी सोडून दोन मिनिटं थांबायचं, म्हणजे मिठाचे खडे विरघळतात आणि लाल मातीची धूळ सुटते. हे न करता फडका फिरवला तर तोच फडका पॉलिश पेपर होतो. रेक्झिनवर कारखान्यातून आलेला पातळ वरचा लेप असतो, तो एकदा घासला गेला की मळ धरायला लागतो. त्यानंतर फेस लावून गोल नाही, दाण्याच्या (रेक्झिनवरच्या उठावाच्या नक्षीच्या) दिशेने घासायचं, एका वेळी वीतभर भाग. फेस सीटवर वाळू द्यायचा नाही. शिवणीवर ब्रश आडवा फिरवला तर पाणी टाक्यांच्या भोकांत ढकललं जातं, म्हणून शिवणीच्या रेषेत उभा फिरवायचा. प्रेशर गन शिवणीवर अजिबात नको.

कपडे धुण्याची पावडर वापरू नये. तिच्यातला सोडा वरचा लेप निस्तेज करतो आणि शिवणीत पांढरा साका धरतो. भांड्यांच्या वडीत खरवडणारी बारीक भुकटी असते. थिनर, पेट्रोल आणि रॉकेलने डाग जातो, पण सोबत प्लास्टिसायझरही ओढून काढतात. पुसल्यावर चकचकीत दिसतं आणि महिनाभरात तिथेच कडक टापू तयार होतो. पांढरा मेलामाइन स्पंज, जो 'जादूचा' म्हणून मिळतो, तो खरं तर अतिबारीक पॉलिश पेपरच आहे. दाण्याच्या खोबणीत बसलेला मळ तो काढतो हे खरं, पण बोटभर जागेत, एकदाच आणि हलक्या हाताने.

सीट २ वर पाणी टाकलं की मण्यांसारखं उडतं आणि फेस टिकतच नाही. वर चमकेचे थरावर थर आहेत. तीन वेळा धुतली, तरी पांढऱ्या फडक्यावर करडा तेलकट डाग येतोच.

२० एप्रिल

डाग. देवगडात एप्रिल म्हणजे चीक.

आंब्याचा चीक ताजा असेल तर साबणाच्या पाण्याने लगेच निघतो. वाळून तपकिरी झाला की नुसता साबण हरतो. खोबरेल तेलाचे चार थेंब, दहा मिनिटं, प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने हलकेच खरवडणं, मग शाम्पूने दोनदा धुणं. तेल सीटवर ठेवायचं नाही, ते खवट होतं आणि पावसात बुरशीचं जेवण होतं. फणसाच्या चिकाला हीच रीत, फक्त वेळ दुप्पट.

ओल्या काजूबियांचा चीक हे वेगळं प्रकरण. सीट ३ वर रुपयाएवढा काळपट डाग आहे, कुणीतरी बियांची पिशवी ठेवली असणार. हातमोजे घालून तेल, साबण, पाण्यात अर्धं पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल असं ओळीने करून पाहिलं. वरचा चिकटपणा गेला, रंग राहिला. तो रेक्झिनच्या आत उतरलाय. अजून घासलं तर डागाच्या जागी दाणा गेलेला गुळगुळीत चट्टा होईल आणि तो डागापेक्षा वाईट दिसेल. सोडून दिला.

मासळीच्या रक्ताला गार पाणी. गरम पाण्याने ते शिजून बसतं.

३ मे

सीट १ उघडली.

बेस उलटा केला की कडेने स्टेपल पिनांची रांग दिसते. सत्तर-बहात्तर पिना, त्यातल्या निम्म्या गंजून नुसता लाल चुरा. चपटा स्क्रू ड्रायव्हर पिनेच्या मधोमध घालून उचलायचा, मग पक्कड. गंजलेली पिन अर्धी तुटून आत राहते, ती काढलीच पाहिजे. नाहीतर तिचा गंज नव्या पिनेला लागतो आणि टोक रेक्झिन कापतं. या कामाला सव्वा तास गेला. घाई केली की कव्हरची कड फाटते, आणि मग ओढायला कापड उरत नाही.

फोम मागच्या अर्ध्यात ओला, पुढे कोरडा. खाली मऊ काळा गाळ. बेसला पाणी जायला चार भोकं आहेत, त्यातली तीन गाळाने बंद.

फोम पिळून निघालेलं पहिलं पाणी मोजायला गेलो, तर मीटर वरच्या टोकाला जाऊन थांबला. दहापट पातळ करून मोजलं, २६३०, म्हणजे मूळ पाणी २६,००० च्या आसपास. समुद्राचं पाणी ३५,००० पीपीएमच्या घरात असतं, म्हणजे सीटच्या पोटात जवळजवळ समुद्रच होता. तो क्रेटमधून आला. बर्फ वितळून मासळीचं खारं पाणी रोज थोडं थोडं शिवणीवर पडतं आणि बसणाऱ्याच्या वजनाने आत जातं. फोम दाबला की हवा बाहेर, सोडला की टाक्यांच्या भोकांतून पाणी आत. शिवण म्हणजे पंपाचं तोंडच.

आता एप्रिलमध्ये ओली का, याचं उत्तर. मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतः पाणी ओढून विरघळतं. आपल्याकडे किनाऱ्यावर पहाटे एवढी आर्द्रता उन्हाळ्यातही असते. म्हणजे आत मीठ असलेली सीट दिवसा थोडी सुकते, रात्री परत पाणी पिते. ती उन्हात आठ दिवस ठेवली तरी फरक पडत नाही. फोममधलं मीठ काढल्याशिवाय बाकी सगळं फुकट.

फोम टबात १० लिटर विहिरीच्या पाण्यात बुडवून तळव्याने दाबायचा. पिळायचा नाही, पिळला की पेशी फाटतात आणि कडा झडतात. पाच मिनिटं दाबून पाणी बदलायचं. पाण्याचे आकडे : पहिलं ३१००, दुसरं ९६०, तिसरं ३९०, चौथं २३०, पाचवं १८५. विहिरीच्या १७० च्या जवळ आलं तिथे थांबलो. ५० लिटर पाणी गेलं, ते माडाच्या आळ्यात घातलं. थोडा खारेपणा माडाला चालतो.

वाळवणं सावलीत, उभा करून, खाली दोन पट्ट्या, समोर पंखा. पॉलियुरेथेन फोम उघड्या उन्हात पिवळा पडून भुगा होतो. उन्हात ठेवायचाच तर वर जुनी चादर. आतपर्यंत कोरडा झाला का हे हाताला कळत नाही, ओळीने दोन दिवस वजन तेच आलं की कोरडा.

१० मे

फोम ६ तारखेला सुकला. कव्हर उलटं करून आतून शिवणी बंद केल्या.

तंबू आणि रेनकोटच्या शिवणीला लावतात ते पॉलियुरेथेनचं सीलर घेतलं. बाहेरून लावलं तर चकाकणारी रेघ दिसते आणि जाण्यायेण्यात खरवडून निघते. आतून, कापडाच्या बाजूने, ते दोऱ्यात मुरतं. १० मिमी रुंद पट्टा, ब्रशने दोन हात, मधे दोन तास. सीट १ ला एकूण १.९ मीटर शिवण, सीलर १५ ग्रॅमच्या आसपास लागलं. २४ तास पसरून ठेवायचं. घडी घातली तर स्वतःलाच चिकटतं.

सिलिकॉन सीलंट, खिडक्यांना लावतात ते, इथे नको. पकडतं बरं, पण पुढे कधी दुरुस्ती आली तर त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा धड नाही. काळी इन्सुलेशन टेपही नको, उकाड्यात तिचा गोंद पाघळतो आणि टाक्यांतून वर येतो.

सीट २ चं कव्हर न उघडता पायपिंगला बाहेरून सीलर लावलं होतं. आज बोटाने ओढलं तर शेवयासारखं अख्खं सुटून आलं. चमकेतलं सिलिकॉन शिवणीत मुरलेलं आहे. अल्कोहोल अर्धं पातळ करून कापसाच्या काड्यांनी शिवण तीनदा पुसली, चाळीस काड्या गेल्या, पुन्हा लावलं. या वेळी निम्म्या लांबीवर धरलं. सीट उघडून आतून करायला हवं होतं, पण मालकाला गाडी हवी आहे. शंका लिहून ठेवतो.

एवढ्यासाठी क्रम पक्का : धुणं, वाळवणं, शिवणी, आणि सगळ्यात शेवटी संरक्षण. उलट केलं की शिवणी कधीच बंद होत नाहीत.

सीट १ परत बांधली. फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद टाकायचा की नाही यावर सीटवाल्यांत दोन तट आहेत. टाकला, पण फक्त वरच्या भागावर, कडेला दोन बोटं अलीकडे संपवून. अख्ख्या फोमला गुंडाळला तर चुकून गेलेलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही, पिशवीत ठेवलेल्या ओल्या टॉवेलासारखं होतं. बेसची चारही भोकं ६ मिमीच्या ड्रिलने साफ केली.

पिना स्टेनलेस ३०४ च्या, ८० सिरीज, ६ मिमी. हाताच्या गनने प्लास्टिक बेसमध्ये पुऱ्या जात नाहीत, कॉम्प्रेसरवरची गन लागते, दाब ८० पीएसआय. आधी नाक, मग शेपूट, मग दोन्ही बाजू आलटून पालटून, मधून कडेकडे. कव्हर पंधरा मिनिटं उन्हात ठेवून ऊब आली की ओढायला सोपं जातं. हेअर ड्रायर वापरलात तर वीतभर लांबून. जवळ नेला की दाणा बसतो आणि तिथे कायमचा तकतकीत डाग.

जोडल्यावर वजन ३.०६. म्हणजे ८६० ग्रॅम खारं पाणी आणि गाळ गेला.

१७ मे

संरक्षणाची तुलना. उरलेल्या काळ्या रेक्झिनची ६० सेंमीची पट्टी फळीवर ताणून चार भाग केले : काही न लावलेला, पाण्यात मिसळणारं दुधासारखं प्रोटेक्टंट, चकाकी देणारं तेलकट सिलिकॉन, आणि खोबरेल.

घसरणीची चाचणी घरगुती आहे. कापडी पिशवीत एक किलो तांदूळ, ती फळीवर ठेवायची आणि फळीचं एक टोक उचलत जायचं. पिशवी सरकली तेव्हाची उंची : काही न लावलेल्यावर ३८ सेंमी, दुधट प्रोटेक्टंटवर ३६, खोबरेलवर २६, चकाकीवर २१. म्हणजे चकाकी मारलेल्या सीटवर निम्म्या उतारालाच घसरतं. गाडी ब्रेकला वाकते तेव्हा मागे बसलेला पुढच्यावर येऊन आदळतो तो यामुळे. शिवाय तेलकट थराला संध्याकाळपर्यंत लाल धूळ लागते.

पाणी मण्यांसारखं उडतं म्हणजे उन्हापासून संरक्षण आहे, असं मात्र नाही. मणी सिलिकॉनने होतात, ऊन थांबवतं ते त्यातलं यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) शोषणारं द्रव्य. बाटलीवर यूव्हीचा उल्लेख आहे का, पाणी हा मुख्य घटक आहे का, आणि वास थिनरसारखा तर नाही ना, या तीन गोष्टी बघून घ्यावं.

लावायची रीत : सीट धुऊन पूर्ण कोरडी, सावलीत, हाताला गार. १० मिली मायक्रोफायबरवर घ्यायचं, सीटवर फवारायचं नाही. पातळ पसरून पाच मिनिटं, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने हाताला चिकट लागणार नाही इतकं पुसून काढायचं. तापलेल्या सीटवर लावलं तर पट्टे उठतात. सीट १, २, ३ ला लावलं. उन्हाळ्यात चार आठवड्यांनी पुन्हा.

सीट ४ आज उघडली. इथे पिना नाहीत, पत्र्याला दात आहेत आणि कव्हर त्यात अडकवून दात ठोकलेले. पत्र्याची मागची बाजू पापुद्रे धरून सुटतेय. दोन दात तुटले. तारेच्या ब्रशने घासून, फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजरोधक लावून, धुऊन वाळवलं. झिंक फॉस्फेट प्रायमर मारला.

२१ मे

१९ ला सीट ४ च्या पत्र्याला एनॅमलचा पहिला हात दिला आणि कालपासून पाऊस कोसळतोय. रंग अजून चिकट. एनॅमल हवेतल्या ऑक्सिजनने कडक होतं, गार दमट हवेत त्याचा जीव निघत नाही. आतल्या खोलीत १०० वॅटचा बल्ब आणि पंखा लावून ठेवला.

२५ मे

मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने आज जाहीर केलं. कालच केरळात आला होता. ५ जूनचा हिशेब गेला. पत्र्यावर बोटाचा ठसा अजून उमटतो.

२९ मे

ठसा उमटत नाही. दुसरा हात न देता बांधणी केली. ओल्या रंगावर फोम ठेवला असता तर रंगातल्या वाफेने फोम चिकट होऊन पत्र्याला बसला असता. दातांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून चढवली, म्हणजे रेक्झिनवर पत्रा थेट घासणार नाही. तुटलेल्या दोन दातांच्या जागी भोकं पाडून नायलॉनचे टाय. दिसायला गावठी, पण खालच्या बाजूला कोण बघतो. वजन ४.५८.

१५ जून

वजनं : सीट १ : ३.०९, सीट २ : २.८७, सीट ३ : ३.५५, सीट ४ : ४.६२.

सीट २ ने ४६० ग्रॅम पाणी प्यायलं. पायपिंगवरचं सीलर जिथे धरलं नव्हतं तिथूनच. उघडली, मीटरला पिळलेलं पाणी ४१०, म्हणजे हे पावसाचं, मीठ नाही. पंख्याखाली तीन दिवसांत सुकली. पावसाची ओल सुकते, खारी सुकत नाही, हे इथे उघड दिसलं. या वेळी आतून सीलर लावलं.

पायपिंगबद्दल एक. पायपिंगच्या आत दोरी असते. ती सुताची असेल तर वातीसारखं पाणी ओढून अख्ख्या सीटभर फिरवते. सीट २ ची सुताचीच निघाली. आत्ता शिवण उसवणं शक्य नाही.

१३ जुलै

बुरशी. सीट ३ च्या पट्ट्यांमधल्या खोबणीत काळे ठिपके, सीट ४ च्या कडेला राखाडी पापुद्रा. सीट ३ वर मालकाने प्लास्टिकचं रेनकव्हर घालून गाडी पडवीत ठेवली होती, दहा दिवस. भिजलेल्या सीटवर रेनकव्हर म्हणजे बुरशीची पेटी. कव्हर गाडी पावसात उभी असताना घालावं, घरी आली की काढून सीट पुसावी.

पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाण, प्रत्येकी १०० मिली. मास्क लावून, बाहेर. फडका भिजवून खोबणीवर वीस मिनिटं ठेवायचा, मग दाढीच्या ब्रशने घासून साध्या पाण्याने धुवायचं. पाणी आता पागोळीचं वापरतोय, मीटरवर १८. धुवायला याच्याइतकं चांगलं फुकटचं पाणी नाही.

सीट ३ चे ठिपके चार शिवणींवरचे गेले, दोन शिवणींवर दोऱ्याच्या आत आहेत. ब्लीचने पांढरे होतील, पण ब्लीच दोरा कमजोर करतं, विशेषतः नायलॉनचा, आणि रेक्झिन लवकर म्हातारं करतं. वापरायचंच ठरलं तर एकाला दहा पाणी, पाच मिनिटं आणि भरपूर धुणं. व्हिनेगर लावलेल्या जागी तर कधीच नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद पडवीत तो छातीवर बसतो.

टॅन सीटच्या मागच्या टोकाला फिकट गुलाबी छटा आहे. हा मळ नाही. रेक्झिनखालच्या ओलीत वाढणारे काही सूक्ष्मजीव गुलाबी रंग तयार करतात आणि तो प्लास्टिसायझरमध्ये विरघळून वर येतो. होड्यांच्या गाद्यांवर हे नेहमी दिसतं. वरून कितीही धुवा, जात नाही. ती छटा म्हणजे खालचा फोम ओला आहे याची पावती. वजन ३.६३, आठवड्यापूर्वी ३.५८ होतं. आडव्या सहा शिवणी म्हणजे नुसती चाळण, आणि या सीटला सीलर बाहेरूनच लावलं होतं.

२४ ऑगस्ट

२७ ला गणपती. चारही गाड्या पुढचे पंधरा दिवस रस्त्यावर राहणार, म्हणून वजन न करता फक्त धुलाई आणि शिवणींची पाहणी. सीट १ ला क्रेटखाली जाड रबराची चटई दिली, दोन्ही कडांना दोन इंच खाली वळवून, म्हणजे बर्फाचं पाणी सीटवर न पडता बाजूने गळेल. रोज परतल्यावर एक तांब्या गोडं पाणी आणि पंचा, एवढंच मालकाला सांगितलं. शाम्पू महिन्यातून दोनदा पुरे.

१२ ऑक्टोबर

ऊन परत आलं.

वजनं : सीट १ : ३.१०, सीट २ : २.४४, सीट ३ : ३.७१, सीट ४ : ४.६०.

सीट १ च्या मागच्या शिवणीला पांढरा फडका दाबून धरला, कोरडा. फडक्याचं टोक धुऊन पाणी मोजलं तर विहिरीचेच आकडे. पिना चकाकतायत. सीट ४ च्या पत्र्याला एका दातापाशी गंजाचा ठिपका, तिथे ट्यूबची पट्टी सरकली होती. नाकाशी आधी असलेल्या बारीक रेषा आता नखाला लागतात. पुढच्या पावसाआधी कव्हर बदलावं लागेल, मालकाला सांगितलं.

सीट ३ उघडली. मधल्या दोन शिवणींखाली फोम ओला आणि गुलाबी. नवं कव्हर शिवायचं ठरलं. माप : ५४ इंच पन्ह्याचं १ मिमी जाडीचं रेक्झिन, होड्यांच्या गाद्यांना वापरतात त्या प्रतीचं, एक मीटर. दोरा बाँडेड पॉलिस्टर, सुती अजिबात नको. टाका ४ मिमीचा. बारीक टाका मजबूत असतो हा समज रेक्झिनला लागू नाही, टाके जवळ आले की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि तिथेच फाटतं. सहाऐवजी दोनच आडव्या शिवणी, मधले पट्टे नुसते दिसण्यापुरते होते. दोन्ही शिवणी आतून सील करून मगच बांधणी.

फोम तिसऱ्या पाण्यात आहे, २९०. सीट २ च्या पायपिंगची सुती दोरी काढून प्लास्टिकची घालायची बाकी. ६ मिमीच्या पिना संपल्या, कणकवलीहून आणायच्या.